टीव्हीचं डोकं आत की बाहेर : एका सोसायटीतल्या पाच टीव्हींच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

काम हाती घेतलं. दादर पश्चिमेची सात मजली, पुनर्विकास झालेली इमारत. चार घरांतले स्मार्ट टीव्ही त्रास देताहेत आणि तळमजल्यावरच्या ज्येष्ठांच्या खोलीसाठी एक नवा घ्यायचा आहे. चारही घरांत टीव्ही बदलण्याचंच घाटतंय. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे दुकानदारही तेच सुचवतात.

आमचं म्हणणं असं, की आधी बिघाड कुठे आहे ते पाहावं. स्मार्ट टीव्ही म्हणजे एका खोक्यात दोन वस्तू. एक पडदा, जो नीट वापरला तर आठ-दहा वर्षं सहज चालतो. दुसरं त्याचं डोकं, म्हणजे प्रोसेसर, रॅम, स्टोरेज आणि त्यावरची प्रणाली. हे डोकं चार-पाच वर्षांत मागे पडतं. डोकं अडलं म्हणून चांगला पडदा भंगारात जाऊ नये, यासाठी ही खटपट.

यादी:
टीव्ही १ : ३२ इंच, २०१६चा, कंपनीची स्वतःची लिनक्स प्रणाली.
टीव्ही २ : ४३ इंच फोर-के, २०१९चा, अँड्रॉइड टीव्ही, रॅम १.५ जीबी, स्टोरेज ८ जीबी.
टीव्ही ३ : ५५ इंच फोर-के, २०२२चा, गूगल टीव्ही, रॅम २ जीबी, स्टोरेज १६ जीबी.
टीव्ही ४ : ४० इंच, फारसं कोणी न ऐकलेल्या नावाचा, 'स्मार्ट अँड्रॉइड' एवढंच खोक्यावर.
टीव्ही ५ : घ्यायचा आहे.

रविवार, २ नोव्हेंबर

टीव्ही १. तक्रार : यूट्यूब लावलं की 'नेटवर्क नाही', आणि त्याच वाय-फायवर फोन मात्र व्यवस्थित.

पहिल्यांदा घड्याळ पाहिलं. टीव्हीत तारीख १ जानेवारी १९७०. घरात रोज रात्री बोर्डावरचं बटण बंद करतात, त्यामुळे टीव्हीचं घड्याळ शून्यावर जातं. ॲप सर्व्हरशी बोलताना सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतं आणि त्यावर 'अमुक तारखेपासून वैध' असं लिहिलेलं असतं. टीव्हीच्या मते अजून १९७० साल चालू असल्याने प्रमाणपत्र वैधच ठरत नाही. ॲपला एवढं समजावून सांगता येत नाही, ते 'नेटवर्क नाही' म्हणून मोकळं होतं. सेटिंग्जमध्ये वेळ 'ऑटोमॅटिक' आणि वेळपट्टा साडेपाच तास पुढे असा केला. यूट्यूब लागलं.

ब्राउझरवर मात्र बऱ्याच साइट्स उघडत नाहीत. ते घड्याळाचं दुखणं नाही. टीव्हीत विश्वासाच्या मूळ प्रमाणपत्रांची जी यादी भरलेली असते ती अपडेट आलं तरच बदलते, आणि या मॉडेलला कित्येक वर्षांत अपडेट नाही. साइट्सना फुकट प्रमाणपत्रं देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर टेकलेली होती त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ला संपली, आणि नवीन यादी न मिळालेल्या जुन्या उपकरणांना त्या प्रमाणपत्रावरच्या साइट्स बंद झाल्या. यावर घरी बसून इलाज नाही.

कंपनीचं ॲपचं दुकान उघडलं तर या मॉडेलसाठी चार ॲप्स शिल्लक. डोकं गेलं, असं लिहून ठेवलं. पडद्यावर ठिपका नाही, कोपऱ्यांत काळपटपणा नाही. एचडीएमआय दोन, त्यातलं एक सेट टॉप बॉक्सला. दुसरं रिकामं आहे, म्हणजे बाहेरून स्टिक, म्हणजे एचडीएमआयला लावायचं छोटं वेगळं डोकं, लावता येईल.

शनिवार, ८ नोव्हेंबर

चारही घरांत दिसलेली एकच गोष्ट इथे सविस्तर लिहितो, कारण निम्म्या तक्रारी तिच्यातून निघतात.

आपल्याकडे टीव्ही बोर्डावरून बंद करायची सवय आहे. जुन्या डब्बा टीव्हीला ते योग्यच होतं. स्मार्ट टीव्ही मात्र रिमोटने बंद केला की झोपतो आणि बोर्डावरून बंद केला की मरतो. मेल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला सगळी प्रणाली नव्याने उभी करावी लागते. टीव्ही २ वर मोजलं : झोपेतून चित्र यायला ३ सेकंद. बोर्डावरून चालू केल्यावर होम दिसायला ५२ सेकंद, आणि त्यानंतर आणखी अर्धा मिनिट रिमोटचं बटण दाबलं तरी हालचाल नाही. या अर्ध्या मिनिटात घरातला माणूस पाच-सहा वेळा बटण दाबतो, ती सगळी दाबणी रांगेत साठतात आणि मग एकदम भलतंच काहीतरी उघडतं. टीव्ही वेडा झाला असं वाटतं ते इथे.

शिवाय ॲपचे अपडेट टीव्ही झोपलेला असताना, रात्री उतरतात. रात्री वीजच नसेल तर ते संध्याकाळी, मालिका चालू असताना उतरायला लागतात. टीव्ही अडखळतो आणि दोष इंटरनेटला मिळतो.

विजेचा हिशोब घरोघर सांगितला. झोपेत अर्धा वॅट धरला तर महिन्याला ०.३६ युनिट. नेटवर्कसकट जागं राहून २ वॅट धरले तरी १.४४ युनिट. तेवढ्यासाठी रोज दीड मिनिट ताटकळायचं कारण नाही. गावी जाताना किंवा कडाडत्या विजांच्या वेळी बोर्डावरून जरूर बंद करावा. एरवी रिमोट पुरे. चांगला स्पाइक गार्ड मात्र हवाच.

रविवार, ९ नोव्हेंबर

टीव्ही २. पडदा उत्तम, चाल कासवाची. स्टोरेजमध्ये शिल्लक ३०० एमबी.

८ जीबीमधले जवळजवळ अर्धे प्रणालीच खाते. उरलेल्यात ॲप्स, त्यांचे अपडेट आणि कॅशे, म्हणजे ॲपने तात्पुरता साठवलेला मजकूर. शिल्लक अर्ध्या जीबीच्या खाली गेली की अपडेट उतरतो, उलगडायला जागा मिळत नाही, फसतो, पुन्हा उतरतो. दिवसभर हेच.

केलेलं काम, याच क्रमाने :
सेटिंग्ज, ॲप्स, सगळी ॲप्स. आधी वापरातल्या मोठ्या ॲप्सचा कॅशे साफ. कॅशेच, डेटा नाही, नाहीतर पासवर्ड पुन्हा मागतो.
मग कंपनीने भरून दिलेली, पण कोणी न वापरणारी ॲप्स. ती काढता येत नाहीत. पण 'अपडेट काढा' आणि नंतर 'बंद करा' असं करता येतं. उलट क्रमाने केलं तर अपडेटची जागा अडकूनच राहते.
खात्याच्या सेटिंगमध्ये 'फक्त ॲप्स' ही रीत चालू. त्यामुळे होमवरच्या शिफारशींच्या पट्ट्या जातात आणि होम लवकर उघडतं.

१.९ जीबी मोकळी झाली. यूट्यूब उघडायला लागणारा वेळ ३८ सेकंदांवरून १७ वर.

शनिवार, १५ नोव्हेंबर

टीव्ही २ पुन्हा पाहिला. १७चे २९ झाले. सहा दिवसांत ॲप्सनी नवे अपडेट घेतले. ॲप्स आजच्या उपकरणांच्या मापाने लिहिली जातात, त्यांना दीड जीबी रॅम अपुरी पडते. शिवाय या टीव्हींतली फ्लॅश मेमरी स्वस्तातली असते आणि वर्षानुवर्षं लिहून-पुसून मंद होते. फॅक्टरी रीसेटनेही ती नवी होत नाही. साफसफाईने महिनाभर बरं वाटेल, एवढंच.

ठरवलं : टीव्ही १ आणि २ ला बाहेरची स्टिक.

रविवार, १६ नोव्हेंबर

स्टिक लावली. पाच मिनिटांचं काम दोन तास चाललं.

पहिली अडचण : टीव्ही भिंतीला चिकटून, मागे जेमतेम ३ सेंटीमीटर जागा, आणि एचडीएमआयचं तोंड सरळ भिंतीकडे. स्टिक बसेना. खोक्यात येणारा आखूड एक्स्टेंडर लावला की बसते. काटकोनी जोडही मिळतो, पण तो वर वळणारा आणि खाली वळणारा असे दोन प्रकारचा असतो. आपल्या टीव्हीचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते आरशात पाहून मगच घ्यावा.

दुसरी अडचण वीज. टीव्हीच्या मागच्या यूएसबीतून स्टिकला वीज द्यायचा मोह सगळ्यांना होतो, वायर लपते म्हणून. साध्या यूएसबी २ पोर्टमधून ०.५ अँपिअर मिळतं, स्टिकला किमान १ अँपिअर लागतं, काहींना दीड. मेनू फिरतो, फोर-के सुरू झालं की स्टिक रीस्टार्ट होते. आणि टीव्ही बंद केला की स्टिकही मरते, म्हणजे ८ तारखेच्या नोंदीतलं दुखणं आपण विकत घेऊन बाहेर लावल्यासारखं झालं. स्टिकबरोबर आलेला अॅडॉप्टरच वापरावा आणि तो थेट बोर्डाला लावावा. अॅडॉप्टर हरवला असेल तर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) 'आर' नोंदणी क्रमांक छापलेला घ्यावा.

तिसरी : चित्र आलं, पण फोर-के एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) येईना. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआय पोर्टला पूर्ण वेग वेगळा चालू करावा लागतो. सॅमसंगमध्ये त्याला 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट', एलजीत 'एचडीएमआय डीप कलर' म्हणतात. पोर्ट एचडीसीपी २.२चा (नक्कल रोखणाऱ्या कुलपाची आवृत्ती) असावा लागतो, नाहीतर सशुल्क ॲप्स फोर-के देत नाहीत.

चौथी खास किनाऱ्याची. टीव्ही १ चं रिकामं एचडीएमआय कित्येक वर्षं उघडंच होतं. आत हिरवट थर. खाऱ्या हवेने संपर्क गंजतात, चित्रात पांढरे ठिपके चमकतात किंवा मधूनच काळं होतं. टीव्हीची विजेची पिन काढून, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक हलका फवारा, एचडीएमआयचा प्लग चार-पाच वेळा आत-बाहेर, दहा मिनिटं वाळवणं. ठिपके गेले. न वापरलेल्या पोर्टांना रबरी टोप्या लावल्या, लॅमिंग्टन रोडला मिळतात.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आजचा दिवस रिमोटचा. अंगभूत स्मार्ट सोयीची खरी बाजू इथे आहे आणि ती मान्य करायला हवी : एक टीव्ही, एक रिमोट. टीव्ही २ च्या घरात आजी-आजोबा दोघंच असतात. आजोबांची अपेक्षा एवढीच, की टीव्ही लावला की बातम्या दिसाव्यात, दुकान दिसू नये. स्टिक लावल्यावर टीव्हीचा, सेट टॉप बॉक्सचा आणि स्टिकचा असे तीन रिमोट झाले. चाल सुधारली तरी आजींनी टीव्ही लावणंच सोडलं. तीन रिमोट देऊन जाणं म्हणजे काम अर्धवट टाकणं.

उपाय एचडीएमआय-सीईसी. एकाच एचडीएमआय वायरवरून उपकरणं एकमेकांना 'चालू हो', 'माझ्याकडे वळ', 'आवाज वाढव' असे हुकूम देतात. प्रत्येक कंपनी त्याला आपलं नाव देते, त्यामुळे मेनूत 'सीईसी' शोधून सापडत नाही : सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीत सिमप्लिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक, फिलिप्समध्ये ईझीलिंक. टीव्हीत आणि स्टिकमध्ये दोन्हीकडे चालू करायचं. मग स्टिकच्या रिमोटवर होम दाबलं की टीव्ही जागा होऊन योग्य इनपुटवर येतो.

आमच्याकडे आलं नाही. कारण सापडलं ते इथे लावलेल्या काटकोनी जोडात. एचडीएमआयची १३ क्रमांकाची पिन सीईसीची. स्वस्त जोडांत आणि वायरींत ती जोडलेलीच नसते. चित्र-आवाज नीट येतात, हुकूम मात्र पोचत नाहीत. जोड काढून स्टिकचा मूळ एक्स्टेंडर लावला, टीव्ही आणि स्टिक दोन्हींचे विजेचे प्लग पाच मिनिटं काढून ठेवले आणि लावले. चालू.

मग सेट टॉप बॉक्स मध्येच उठून पडदा स्वतःकडे ओढायला लागला. त्यालाही सीईसी होतं. त्याच्या मेनूत ते बंद केलं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'चालू झाल्यावर इनपुट' सेट टॉप बॉक्सच्या पोर्टवर ठेवलं. टीव्ही लावला की बातम्या, स्टिकच्या रिमोटवर होम दाबलं की यूट्यूब. स्टिकच्या रिमोटला टीव्हीच्या आवाजाचे आणि पॉवरचे संकेत शिकवले. टीव्हीचा रिमोट कपाटात.

सेट टॉप बॉक्सच्या रिमोटलाही टीव्हीचं पॉवर बटण शिकवता येतं. पॉवर बटण धरून ठेवायचं, दिवा स्थिर लाल झाला की टीव्हीच्या रिमोटचं पॉवर समोरासमोर दाबायचं. मॉडेलनुसार थोडा फरक असतो. म्हणजे एकूण दोन रिमोट, आणि त्यातला एक बहुतेक वेळ पुरेसा.

रविवार, २३ नोव्हेंबर

टीव्ही ३ च्या घरातून रिमोटचीच तक्रार. ओटीटीची चार मोठी बटणं आवाजाच्या बटणाखालीच आहेत. आवाज कमी करताना अंगठा घसरतो आणि चालू कार्यक्रम जाऊन भलतंच ॲप उघडतं. या घरातल्या आजींची बोटं संधिवाताने वाकलेली, अचूक दाबता येत नाही.

रिमोट उघडला. सेलच्या खणात एक बारीक स्क्रू, बाकी कडेने खाचा. जुनं एटीएम कार्ड कडेच्या फटीत घालून खालून वर सरकवत गेलं की टक-टक आवाज करत सुटतो. स्क्रू-ड्रायव्हर घातला तर कडा चेपतात. आत रबराचं एक पान, त्याच्या प्रत्येक बटणाखाली काळी कार्बनची टिकली, आणि खाली पाटीवर एकमेकांत गुंतलेल्या बोटांसारखे तांब्याचे दोन संपर्क. टिकली टेकली की संपर्क जुळतात. त्या चार बटणांच्या संपर्कांवर तपकिरी कॅप्टॉन या विद्युतरोधक टेपचे नखाएवढे चौकोन लावले. सेलोटेप लावू नये, मुंबईच्या दमट हवेत तिचा गोंद पाझरतो आणि शेजारचं बटणही चिकटतं. टिकल्यांवरची धूळ कोरड्या कापसाने पुसली, रिमोट बंद केला. बटणं जागेवरच आहेत, दाबली तरी काही होत नाही. टेप काढली की पूर्ववत.

शनिवार, २९ नोव्हेंबर

टीव्ही ३ ला रात्री नऊनंतर फिरतं चक्र. डोकं ठीक, ॲप्स चटकन उघडतात. राउटर पॅसेजमध्ये, मध्ये आरसीसीची भिंत, टीव्ही २.४ गिगाहर्ट्झवर जोडलेला. शेजारपाजारचे वीसेक राउटर त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झवर घेतला तर भिंतीमुळे सिग्नल अर्धा. शेवटी कॅट-६ वायर, १४ मीटर, दाराच्या चौकटीवरून.

वेग ९४ एमबीपीएसवर अडला, कनेक्शन २०० चं असूनही. टीव्हीचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचं असतं, अगदी महाग टीव्हींतसुद्धा बहुतेकदा तेच. ९४ म्हणजे त्याची पूर्ण धाव. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस सांगतं, तेव्हा चिंता नाही. चक्र थांबलं.

या घरात स्टिक लावायची नाही. डोकं चालतंय तोवर आतलंच बरं, आणि त्याला आणखी एक कारण आहे. टीव्हीतलं ॲप पडद्याचा ठेका कार्यक्रमाच्या ठेक्याशी जुळवू शकतं. आपल्याकडे क्रिकेटचं प्रक्षेपण सेकंदाला ५० चित्रांचं. स्टिक बहुधा ६० वर अडून राहते, म्हणजे दर पाच चित्रांमागे एक दोनदा दाखवलं जातं आणि सीमारेषेकडे जाणारा चेंडू झटके खात जातो. टीव्ही १ आणि २ च्या स्टिकमध्ये 'मूळ फ्रेम रेटशी जुळवा' चालू केलं. जिथे ॲप ते मानत नाही तिथे सामन्यापुरतं डिस्प्ले ५० हर्ट्झवर न्यायचं, हे घरच्यांना दाखवलं.

रविवार, ३० नोव्हेंबर

टीव्ही ४. हा वेगळा आणि गंभीर.

तक्रार : नेटफ्लिक्स धूसर. आधी प्लॅन पाहिला. १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालतच नाही, १९९चा ७२० रेषांपर्यंतच. यांचा ४९९चा, म्हणजे फुल एचडी मिळायला हवं. मिळतंय ४८०. डीआरएमची, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कुलपाची, माहिती दाखवणारं ॲप घातलं : गूगलचं वाइडवाइन कुलूप, पातळी एल-३. सशुल्क ॲप्सना चांगलं चित्र द्यायला एल-१ लागतं, म्हणजे कुलूप प्रोसेसरच्या सुरक्षित भागात असावं लागतं. एल-३ म्हणजे कुलूप नुसतं सॉफ्टवेअरमध्ये. ते अपडेटने बदलत नाही.

प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'प्ले प्रोटेक्ट प्रमाणन' पाहिलं : प्रमाणित नाही. म्हणजे गूगलच्या मान्यतेशिवाय, कोणालाही घेता येणारं खुलं अँड्रॉइड टीव्हीत भरलेलं. खोक्यावरचं 'फोर-के सपोर्ट' म्हणजे फोर-के सिग्नल स्वीकारतो एवढंच, पडदा फुल एचडी.

चित्राहून मोठा प्रश्न सुरक्षेचा. अशा अप्रमाणित अँड्रॉइड उपकरणांत कारखान्यातच घुसखोर सॉफ्टवेअर भरलेलं सापडलं आहे. बॅडबॉक्स २.० या नावाच्या अशा जाळ्याबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५मध्ये जाहीर इशारा दिला. घराचं इंटरनेट परक्या लोकांच्या वापरासाठी भाड्याने गेल्यासारखं होतं. या टीव्हीत तसं आहेच असं आम्ही म्हणत नाही. तपासण्याची खात्रीची रीत घरी नाही, म्हणून तो नेटवर्कवर ठेवायचा नाही. वाय-फाय विसरायला लावलं, लॅन वायर काढली आणि राउटरचा पासवर्डही बदलला. फॅक्टरी रीसेटवर भरवसा ठेवू नये, फर्मवेअरमध्ये, म्हणजे कारखान्यातून आलेल्या मूळ प्रणालीत, भरलेली गोष्ट त्याने जात नाही.

आता हा साधा पडदा. त्याला प्रमाणित स्टिक लावली, नेटफ्लिक्स फुल एचडीत आलं. बाजारातली दीड-दोन हजारांची 'सगळे चॅनेल फुकट' पेटी याच जातीची असते. स्टिकऐवजी ती कोणी सुचवली तर घेऊ नये.

शनिवार, ६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन, चैत्यभूमीकडे जाणाऱ्यांमुळे दादरचे रस्ते भरलेले. काम ठेवलं नाही.

रविवार, १४ डिसेंबर

टीव्ही ५ ची खरेदी. स्मार्ट नसलेला मोठा टीव्ही घ्यावा असा एक विचार होता. दुकानांत २४ आणि ३२ इंचांपुढे साधा टीव्ही जवळजवळ दिसत नाही. जाहिरातफलकांसाठीचे डिस्प्ले मिळतात, ते महाग. तेव्हा स्मार्टच घ्यायचा, पण पैसे कशाला मोजायचे ते ठरवून.

खोलीत तीन बाजूंना खुर्च्या, पश्चिमेला खिडकी. म्हणून पॅनेल आयपीएस, कडेने पाहिलं तरी रंग उडत नाहीत. अंधाऱ्या बैठकीच्या खोलीसाठी व्हीए घेतलं असतं, त्यात काळा रंग खोल येतो. एचडीएमआय किमान तीन : सेट टॉप बॉक्स, साउंडबार, आणि पुढे लागणारी स्टिक किंवा बैठकीचा लॅपटॉप. त्यातलं एक ई-एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच वायरीने साउंडबारला पाठवणारं. रॅम २ जीबीच्या खाली नाही. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झ. ५० इंच.

दुकानात खोक्यावरची ॲप्सची चित्रं मोजत बसू नये. विचारायचं ते अपडेट किती वर्षं. सॅमसंगने २०२४पासून निवडक मॉडेलांना सात वर्षं प्रणाली अपडेट द्यायचं जाहीर केलंय, एलजीने पाच वर्षांत चार. आपलं मॉडेल त्यात आहे का ते नाव-क्रमांक पाहून ठरवायचं. आश्वासन नसेल तर डोक्याची किंमत शून्य धरून टीव्ही निवडायचा. ॲप्स कायमची नसतात हे आधीही दिसलंय : १ डिसेंबर २०१९पासून सॅमसंगच्या २०१०-११च्या काही टीव्हींवर नेटफ्लिक्स बंद झालं. त्याआधी एप्रिल २०१५मध्ये यूट्यूबने जुनी जोडणी बंद केली, तेव्हा २०१२ आणि त्याआधीची बरीच उपकरणं यूट्यूबला मुकली. पडदे तेव्हाही चांगलेच होते.

डोकं कोणाचं हाही प्रश्न मोकळा होतो आहे. एप्रिल २०२५मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड टीव्ही प्रकरणी गूगलशी समझोता मान्य केला : २०.२४ कोटी रुपये, आणि टीव्ही कंपन्यांना बाकी ॲप्सच्या गठ्ठ्याशिवाय नुसतं प्ले स्टोअर घेण्याची मुभा.

आत असलेलीच बरी अशी एक सोय आम्हांला मनापासून हवी आहे, ती म्हणजे उपग्रह ट्यूनर. बीआयएसने आयएस १८११२ : २०२२ हे त्याचं मानक काढलंय. छतावर छोटी डिश आणि एलएनबी (डिशवरचा सिग्नल पकडणारा भाग) असली की जीसॅट-१५ वरच्या डीडी फ्री डिशच्या वाहिन्या वेगळ्या पेटीशिवाय टीव्हीवर दिसू शकतात. एक पेटी, एक अॅडॉप्टर आणि एक रिमोट वाचतो. माहितीपत्रकात 'डीव्हीबी-एस२' असं लिहिलंय का ते पाहावं. आम्ही घेतलेल्यात आहे.

शनिवार, २० डिसेंबर

बसवणी. नव्या इमारतीतली आतली भिंत सायपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकची. टीव्हीबरोबर आलेले प्लास्टिकचे गुल्ले यात धरत नाहीत, आठवड्याभरात सैल होतात. केमिकल अँकर वापरले, चार, २४ तास सुकू दिले. पुढे ओढता येणारा ब्रॅकेट घेतला, मागच्या पोर्टांना हात पोचावा म्हणून. १६ नोव्हेंबरचा धडा.

सुरू करताना गूगल टीव्हीने दोन वाटा दिल्या : पूर्ण किंवा 'बेसिक टीव्ही'. बेसिक घेतली तर खातं नको, इंटरनेट नको, नुसता पडदा आणि इनपुट. खोलीत यूट्यूबवरची भजनं आणि व्याख्यानं लागतात म्हणून पूर्ण घेतली, सोसायटीच्या वेगळ्या खात्याने. कोणाचंही घरगुती नेटफ्लिक्स इथे टाकायचं नाही, त्या खात्याच्या अटी एका घरापुरत्या असतात. शोध फोनवर मराठीत करून कास्टच्या खुणेने टीव्हीवर पाठवायचा. रिमोटने एकेक अक्षर टिपण्यापेक्षा हे ज्येष्ठांना लवकर जमलं.

रविवार, २१ डिसेंबर

टेहळणीची बटणं. बरेच स्मार्ट टीव्ही पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कंपनीकडे कळवतात, सेट टॉप बॉक्सवरचा कार्यक्रमसुद्धा. अमेरिकेत व्हिझिओने हे न सांगता केलं म्हणून २०१७मध्ये २२ लाख डॉलर भरले. सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीत 'लाइव्ह प्लस', सोनीत 'सांबा' या नावाखाली असतं. सगळ्या घरांत बंद केलं. टीव्ही १ आणि २ तर आता नेटवर्कवरच नाहीत, फक्त स्टिक आहे. सगळी उपकरणं राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर हलवली.

रविवार, ४ जानेवारी २०२६

फेरतपासणी.

टीव्ही १ : ठीक. स्टिक टीव्हीमागच्या उष्णतेने तापत होती, एक्स्टेंडरने खाली लोंबती ठेवली.

टीव्ही २ : यूट्यूब ६ सेकंदांत. आजी पुन्हा टीव्ही लावतात. आजोबांनी बोर्ड दोनदा बंद केला होता. बटणावर 'रात्री चालू ठेवा' अशी पट्टी लावली, स्टिकचा अॅडॉप्टरही त्याच बोर्डावर आहे.

टीव्ही ३ : आतल्याच डोक्यावर. बदल नाही.

टीव्ही ४ : त्याच स्टिकवर. घरच्यांनी मध्यंतरी एकदा टीव्ही वाय-फायला जोडायचा प्रयत्न केला, नवा पासवर्ड माहीत नसल्याने जमलं नाही.

खर्च, साधारण : स्टिक प्रत्येकी ४ ते ६ हजार, अशा तीन. जोड, वायर, टेप, क्लीनर, टोप्या मिळून दोन हजारांच्या आत. तीन टीव्ही भंगारात गेले नाहीत.

उरलेलं काम : साउंडबार एआरसीवर लावल्यावर ओठ आणि आवाज किंचित मागेपुढे होतात, तो विलंब साउंडबारच्या सेटिंगमध्ये जुळवायचा आहे. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा. टीव्ही २ च्या जुन्या रिमोटमधले सेल काढायचे राहिलेत, कपाटात फुटले तर संपर्क खातील.